तंबूतली अंबाडी

लग्नानंतरची बरीच वर्षं मी आमच्या ह्यांच्या नाकाला घाबरून काढली. दूध उतू जायच्या आधी ह्यांना कळायचं. ताक कालचं की परवाचं, हे झाकण न काढता सांगायचे. आमटीत हिंग कमी पडला की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "अगं, हिंग संपलाय का?" त्या प्रश्नाचा मला इतका राग यायचा, की एकदा हिंगाची अख्खी डबी मी त्यांच्या पानाशेजारी नेऊन आदळली होती.

मग ती साथ आली. सगळ्यांसारखा ह्यांनाही ताप आला, चार दिवसांत उतरला, आणि जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. शेजारपाजारच्यांचं सगळं महिन्या-दोन महिन्यांत जागेवर आलं. ह्यांचं वर्ष उलटलं तरी येईना. ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं म्हणायचे आणि अर्ध्या पोळीवर उठायचे. पँट कमरेवर राहीना. दाढी आठवड्यातून एकदा, तीही कुणी येणार असलं तर. एकदा मी मुद्दाम बिनहिंगाची आमटी केली. ह्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तोडगा निघाला तो अंबाडीतून. माझं माहेर सोलापूरकडचं. ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवलेली अंबाडी, वर लसणाची चरचरीत फोडणी, ही आमच्याकडची भाजी. हे जन्माने पुणेकर, त्यामुळे आजवर तिला 'तुमचं ते आंबट गवत' म्हणत आलेले. त्या पावसाळ्यात मी माझ्यापुरती केली होती. ह्यांनी चुकून एक घास घेतला आणि थांबले.

"काहीतरी कळतंय," म्हणाले. "आंबट आहे."

त्या दुपारी दीड भाकरी खाल्ली. मला सोन्याची खाण सापडल्याचा आनंद झाला.

पण भाजीवाल्याकडे अंबाडी कधी येते, कधी नाही, आणि हंगाम सरला की मुळीच नाही. म्हणून पुढच्या जूनमध्ये सोसायटीच्या मागच्या पट्टीत मीच बी टाकलं. कोथरूडच्या त्या मातीत अंबाडी पुरुषभर उंच झाली. सप्टेंबरात कळ्या दिसायला लागल्या. फुलावर आली की पानं राठ होतात. म्हणजे कापायची ती आत्ताच, आणि वाळवून ठेवायची, नाहीतर थंडीपासून हे पुन्हा अर्ध्या पोळीवर. मी सगळी कापली, एक दांडा मागे ठेवला नाही. पण पाऊस हटेना. दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमटच होता.

तेव्हा हे अंथरुणातून उठले. ह्यांनी सरकारी नोकरीत आयुष्यभर एकच काम केलं होतं, हवेतला दमटपणा मोजायचं. "पानांना ऊन लागत नाही, कोरडी हवा लागते," असं म्हणून त्यांनी माळ्यावरून मुलाचा कॉलेजातला ट्रेकिंगचा तंबू काढला आणि हॉलमध्ये उभारला. मुलाने गड चढताना वापरलेल्या सगळ्या मोज्यांचा वास त्या तंबूत मुरला होता, दोनदा धुतला तरी गेला नाही. मी आत डोकं घातलं आणि तितक्याच घाईने बाहेर काढलं. ह्यांना अर्थातच काही अडचण नव्हती. आत पाट टाकून मांडी घालून बसले आणि अंबाडीच्या जुड्या एकेक करून उलट्या टांगल्या.

बंगळुरूहून मुलाने हवा कोरडी करणारं एक यंत्र आणि दमटपणा दाखवणारा मीटर पाठवला. यंत्र ह्यांना पसंत पडलं. मीटर नाही. "आकडा आपण होऊन दिसतो, त्यावर विश्वास कसा ठेवायचा?" म्हणाले. मग दोन तापमापक शेजारी-शेजारी टांगले. एकाच्या टोकाला माझ्या जुन्या वॉयलच्या साडीची चिंधी गुंडाळली आणि चिंधीचं दुसरं टोक खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, पाण्यात सोडलं. ओल्या आणि कोरड्या तापमापकात जो फरक येतो, त्यावरून दमटपणा काढायचा. कोष्टक तोंडपाठ होतं. साठाच्या फार वर गेला तर बुरशी, पन्नासच्या खाली गेला तर पानांचा चुरा, असं मला बजावलं. मीटर अठ्ठावन्न दाखवायचा तेव्हा ह्यांचं एकसष्ट यायचं. त्या तीन टक्क्यांसाठी मुलाला फोन केला. तो म्हणाला, मीटर बदलून देतो. हे म्हणाले, "बदलू नकोस, त्याला समज दे."

नोंदी सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला, नोकरीतल्यासारख्याच. साडेआठच्या नोंदीला हे आंघोळ आणि गुळगुळीत दाढी करून वही घेऊन हजर. अंबाडी किती वाळली ते मी बघतच नव्हते, त्या दाढीकडेच बघत होते.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी, सोसायटीचा सेक्रेटरी आला. वरच्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा, तिशीचा, स्वभावाने नम्र. आमचं घर तळमजल्यावर आणि हॉलची खिडकी पार्किंगवर, त्यामुळे स्कूटर लावताना त्याने सगळं पाहिलं होतं. चपला काढून आत आला, पण बसला नाही.

"काकू, थोडं डेलिकेट मॅटर आहे. त्या टेंटमध्ये काय आहे?"

"अंबाडी."

"नाही, म्हणजे अ‍ॅक्च्युअली काय आहे?"

मी एक पान तोडून त्याच्या हातात दिलं. पाच बोटांचं पान, कडेला करवतीसारखे दाते. त्याने मोबाइल काढून शेजारी दुसऱ्या पानाचा फोटो धरला. खोटं कशाला बोलू, दोन्ही पानं सख्ख्या बहिणी दिसत होत्या.

"गांजा?" मी इतक्या जोरात ओरडले की खिडकीबाहेर वॉचमन उभा राहिला.

"मी काही म्हणत नाहीये, काकू. पण मी व्हिडिओ बघितलाय, सेम सेटअप. टेंट, डीह्युमिडिफायर, मीटर. भाजी कोण अशी वाळवतं?"

"आम्ही," तंबूतून ह्यांचा आवाज आला. "एकसष्ट टक्के."

झाडं तीन महिने मागे उभी होती, येता-जाता सगळ्यांनी पाहिली, तेव्हा ते रान होतं. तंबूत शिरल्यावर त्याचा गुन्हा झाला. कमिटी रविवारी दहाला येऊन बघेल, तोवर प्लीज काही हलवू नका, असं तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला बिचारा. पण मी शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवण्यात जन्म घालवलेली बाई, मी पेटले. रागावले की मी लहानांनाही अहोजाहो करते.

"हलवत नाही, सेक्रेटरीसाहेब. हातसुद्धा लावत नाही."

ह्यांना बाहेर काढलं. यंत्राचं बटण बंद केलं. तंबूच्या दोन्ही चेन ओढून त्यांच्या भोकांत प्रवासाच्या बॅगेचं कुलूप अडकवलं आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "आपल्याकडेच असू द्या. नंतर पुरावा बदलला असं व्हायला नको." याची गरज नाही, काकू, असं तो चारदा म्हणाला. मी दार उघडून उभी राहिले.

त्या दुपारी पाऊस लागला तो लागलाच. साडेपाचला हे वही घेऊन बंद तंबूसमोर उभे.

"किल्ली मागून आणू का?"

"मुळीच नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आत पंचाऐंशीच्या वर गेला असेल गं."

"जाऊ दे."

वहीत त्या नोंदीच्या जागी त्यांनी एक आडवी रेघ मारली. शनिवारी सकाळी दाढी केली नाही. दुपारी अर्ध्या पोळीवर उठले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. एक जिना चढून "जरा किल्ली दे रे" म्हणायचं, एवढंच काम होतं. मी जिना चढलेसुद्धा. पण त्याच्या दारात कमिटीतले दोघे बोलत उभे होते, आणि मी तशीच खाली आले. स्वतःचा इतका संताप मला आजवर कधी आला नव्हता.

रविवारी दहाला चौघे आले. सेक्रेटरीने कुलूप काढलं, चेन ओढली, आणि सगळे एकदम दोन पावलं मागे सरकले. जुड्यांवर पांढरी लव धरली होती. पानं काळी पडून चिकटली होती. माझ्या डोळ्यांपुढे पुढचे आठ महिने उभे राहिले.

"झालं समाधान?" मी सेक्रेटरीवर तुटून पडले. "या माणसाला दुसरं काही जेवण जात नाही, कळतंय का तुम्हाला? हा त्यांचा..."

"शी! केवढा कुबट वास!" मागून हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. आणि मग ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं.

मागे वळून पाहिलं. कमिटी नाकाला रुमाल लावून भिंतीला टेकली होती आणि हे वाकून तंबूच्या दारात नाक घालून उभे होते.

"कसला वास?" मी विचारलं.

"बुरशीचा." त्यांनी पुन्हा एकदा खोल श्वास ओढला. "आणि मोज्यांचा."

मी तिथेच फरशीवर बसले आणि चारचौघांत मोठ्याने रडले. सेक्रेटरीला वाटलं, भाजीसाठीच रडतेय. "सॉरी काकू, मी नवीन आणून देतो, कुठे मिळते?" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिला. ह्यांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ठरलेली वेळ सोडून उभ्या हयातीत एकही नोंद न घेतलेल्या माणसाने सव्वादहा वाजता वही उघडली आणि लिहिलं, 'वास येतो.'

मी डोळे पुसून आत गेले आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. चहा उकळायला लागला तोच हॉलमधून आवाज आला.

"अगं, आलं संपलंय का?"

संपलं नव्हतं, घालायला विसरले होते. मी किसणी घेतली, पण सगळं लक्ष हॉलकडे, त्यामुळे आल्याबरोबर बोटही किसलं.