टॅक्सी उभी होती

बसस्थानकावरच्या सामानघरात काम करणाऱ्या बाईला सगळे ‘जकात’ म्हणत. ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, सगळेच. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. तिच्या खिडकीतून काही सुटत नसे, हे खरंच होतं. बॅग ठेवणाऱ्याला ती पितळी बिल्ला द्यायची आणि बिल्ला परत आल्याशिवाय बॅग द्यायची नाही. बिल्ला हरवला म्हणून कुणी रडत आलाच, तर त्याचं रडणं आटपेपर्यंत ती शांत बसून राहायची आणि मग विचारायची, “आत काय आहे?”

या प्रश्नावर तिचा भारी भरवसा. ज्याची बॅग असते तो अडखळतो. निघायच्या गडबडीत काय काय कोंबलं ते त्याला धड आठवत नाही. मधेच मळके मोजे आठवतात, मूळव्याधीचं औषध आठवतं, आणि तो लाजतो. दुसऱ्याची बॅग लांबवायला आलेला मात्र घडाघडा सांगतो, शिलाईच्या रंगासकट.

“लग्नाच्या वेळी माझ्या लेकाकडेही बिल्ला मागितला असेल हिने,” असं सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लेक नुसता हसायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतींतल्या लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळत काम करून आलेल्या माणसाला घरातल्या टोमण्यांचं काय वाटणार?

हा माणूस एका सकाळी शेअर टॅक्सीतून उतरताना पडला. टॅक्सीने त्याला फरफटत नेलं आणि हॉस्पिटल गाठायच्या आत सगळं संपलं. ड्रायव्हरने पोलिसांना सांगितलं, “साहेब, गाडी थांबायच्या आतच त्यांनी दार उघडलं. फार घाईत होते.” टॅक्सीतली बाकीची माणसं तोवर पांगली होती. पोलिसांनी ड्रायव्हरचं म्हणणं लिहून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात टॅक्सीचा मालक घरी आला. खाली मान घालून बसला, पाणी प्यायला, आणि जाता जाता एक कागद पुढे केला. थोडी रक्कम आत्ता घ्यायची आणि पुढे काही मागणार नाही म्हणून सही करायची, असा त्यात मजकूर होता. “माणुसकी म्हणून देतोय,” तो म्हणाला.

“माणुसकीला सही कशाला लागते?” बाईने विचारलं. मालक चप्पल शोधायला लागला.

त्या कागदामुळे तिच्या मनात पहिल्यांदा आलं, की आपल्याला याहून जास्त काहीतरी मिळण्यासारखं असणार. नाहीतर हा कशाला आला असता? ती वकिलाच्या शोधात निघाली. एका जिन्यावर पाटी वाचून वर गेली, तर तिथे एक वकीलबाई एकट्याच जेवत होत्या. त्यांच्यावरही तिने लगेच विश्वास टाकला नाही. फळीवरची जाड पुस्तकं उघडलेली आहेत की नुसती शोभेची, ते तिने आधी लांबूनच पाहून घेतलं. त्यांच्या पानांत कागदाचे चिटोरे खोचलेले होते. मग ती बसली.

“ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा,” वकीलबाई म्हणाल्या. “तो तिकडे सुटला तरी इकडचा तुमचा हक्क जात नाही. त्यांच्या कमाईवर जगणाऱ्या सगळ्यांचा हा दावा. तुमचा, मुलीचा, सासूबाईंचाही. पैसे टॅक्सीची विमा कंपनी देते. पण कंपनी म्हणणार, चूक तुमच्याच माणसाची. तसं ठरलं तर रक्कम कापली जाईल, कदाचित हातात काहीच पडणार नाही. टॅक्सी उभी होती की चालू, यावर सगळं अडलंय.”

“उभी होती.”

“तुम्ही पाहिलंत?”

“मी कुठे होते तिथे? पण तो लिफ्टवाला होता हो. मजला लागेपर्यंत दाराला हात लावू नका, हे लोकांना सांगण्यात त्याचा जन्म गेला. बस थांबली तरी तो बसून राहायचा. मीच ओरडायचे, उठा आता म्हणून.”

“मला पटतं. कोर्टाला मात्र साक्षीदार लागेल.”

साक्षीदार धाकट्या दिराने आणला. दीर खटपट्या माणूस. कुणाचंही काम कुठेही अडलं, की याच्या ओळखीचा एक माणूस तिथे असायचाच. “वहिनी, नशीब समजा,” तो म्हणाला. “चौकात छत्र्या दुरुस्त करतो हा. सगळं याच्या डोळ्यांदेखत झालंय.”

छत्रीवाल्याने बसल्या बसल्या सुरुवात केली. टॅक्सी पूर्ण थांबली होती. दादांनी डावा पाय खाली ठेवला, एक हात दारावर होता, खांद्यावर हत्यारांची पिशवी होती. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी सोडली. कुठे अडखळणं नाही, कुठे ‘बहुतेक’ नाही.

“मग तुम्ही काय केलंत?” तिने विचारलं.

“धावलो ना ताई! डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. शेवटी ते मुलीचं नाव घेत होते.”

“काय नाव घेतलं?”

छत्रीवाल्याने दिराकडे पाहिलं. दिराने छताकडे.

तो गेल्यावर दीर उखडला. “वहिनी, टॅक्सी उभी होती, असं तुम्हीच म्हणता ना? मग ते कुणी का सांगेना!”

“न पाहिलेलं सांगतोय तो, भाऊजी.”

“पण खरं तेच सांगतोय!”

 सासूही दिराच्याच बाजूने होती. “पोरीचं शिक्षण व्हायचंय अजून. तुझ्या संशयाने घर चालणार आहे का?” आणि मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, “घाईच नडली माझ्या लेकाला.” खुद्द त्याच्या आईलासुद्धा ड्रायव्हरचंच म्हणणं पटायला लागलं होतं, याने ती हादरली. सगळेच तसं म्हणायला लागले, तर आज ना उद्या आपल्या मुलीलाही तेच खरं वाटणार.

दिराने नेलेल्या छत्रीवाल्याला वकीलबाईंनी पाच मिनिटांत ओळखलं. “उलटतपासणीत हा फुटला, तर तुमचं खरंही खोटं ठरेल,” एवढंच त्या म्हणाल्या.

मग तिने दुपारची पाळी मागून घेतली आणि सकाळी नवरा जायचा त्याच शेअर टॅक्सीच्या रांगेत उभी राहू लागली. या रांगेतली माणसं ठरलेली असतात. कोणीतरी त्या टॅक्सीत होतं आणि गप्प बसलंय, याबद्दल तिला शंका नव्हती. ती रोज वेगवेगळ्या लोकांबरोबर बसायची आणि सगळ्यांकडे चोर असल्यासारखी बघायची. एका म्हातारीने तर तिच्यापासून जपून पर्स मांडीवर घेतली.

एका सकाळी पुढच्या सीटवर एक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस बसला होता. पहिल्या थांब्यावर मागचा एकजण उतरायला लागला, तसा हा माणूस अख्खा मागे वळला. “थांबा हो, त्यांना उतरू द्या नीट,” तो ड्रायव्हरला म्हणाला. दुसऱ्या थांब्यावर पुन्हा तेच. मागून कोणीतरी म्हणालं, “साहेब, टॅक्सी तुमच्या सासऱ्यांची आहे का?” सगळे हसले. तो हसला नाही. दार बंद झाल्याचं डोळ्यांनी पाहिल्यावरच तो पुढे वळला.

तो उतरला, तिथे ती उतरली. तो एका चष्म्याच्या दुकानात शिरला, तीही शिरली.

“नंबर काढायचाय?” त्याने विचारलं.

“लिफ्टवाला टॅक्सीखाली गेला, तेव्हा तुम्ही आत होतात.”

हातातली फ्रेम त्याने काउंटरवर ठेवली. “कोण म्हणालं?”

“कोणी नाही. तुमचं तोंड म्हणतंय.”

“तुम्ही कोण?”

“त्याची बायको.”

त्याने दुकानात काम करणाऱ्या मुलीला आत पाठवलं. मग फडकं घेऊन तीच फ्रेम पुसत राहिला.

“पोलिसांना काय सांगितलंत?” तिने विचारलं.

“काही नाही. मी थांबलोच नाही. लोक जमायला लागले तसा उतरलो आणि कोपऱ्यावरून दुसरी टॅक्सी धरली. दुकानाची किल्ली माझ्याकडे असते. उशीर झाला होता.”

भिंतीवरचे सगळे आरसे फोडावेत, असं तिला वाटलं. पण खिडकीवर बसून बसून तिला एक सवय लागली होती, समोरचा गप्प झाला की आपणही गप्प राहायचं. 

“मी पुढे बसलो होतो,” तो म्हणाला. “मागचं दार वाजलं. मला वाटलं, ते उतरले. मी मागे बघितलं नाही. मी... मीच म्हणालो ड्रायव्हरला, चला. चला हो, म्हणालो.”

ती तडक वकीलबाईंकडे गेली आणि तक्रार करावी तसं सगळं सांगून टाकलं. “त्याला रस्त्यावर टाकून गेला हा. कोर्टात मला हा माणूस नको. बघवणार नाही मला.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “ड्रायव्हरला काय म्हणाला तो?”

“चला म्हणाला.”

“चालत्या टॅक्सीला कोणी चला म्हणतं का?”

उठायला निघालेली बाई पुन्हा खुर्चीत बसली.

दिराने हे ऐकून कपाळावर हात मारला. “वहिनी, ज्याने घात केला त्यालाच साक्षीला?”

“भाऊजी, तुमचा छत्रीवाला आपण पाणी पाजल्याच्या गोष्टी सांगतो. हा स्वतःची लाज सांगतो. मला हाच पाहिजे.”

तो साक्षीला यायला कबूल झाला, तरी कोर्टाच्या तारखेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मालकाने याला गाठलं तर? याने गावच सोडलं तर? कामावर जाताना ती मुद्दाम वाट वाकडी करायची आणि समोरच्या फुटपाथवरून चष्म्याच्या दुकानात डोकावायची. तो दिसला की पुढे जायची. एकदा तो दिसला नाही, तेव्हा ती कामाला उशीर करून तिथेच थांबली. तो टेबलाखाली पडलेला स्क्रू शोधत होता.

तारखेला तो आला. विमा कंपनीच्या वकिलाने त्याला चांगलाच पिळला.

“साक्षीचे पैसे किती मिळाले?”

“नाही मिळाले. उलट दुकानात अर्धा दिवस कापतील.”

“म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे अपघात तुमच्यामुळे झाला!”

“थोडा माझ्यामुळेही,” तो म्हणाला. मागे बसलेल्या दिराने डोळे मिटून घेतले.

इतका वेळ लिहीत असलेल्या न्यायाधीशांनी मान वर केली. “तुम्ही चला म्हणालात, तेव्हा टॅक्सी काय करत होती?”

“उभी होती, साहेब. म्हणून तर म्हणालो.”

बाहेर व्हरांड्यात तो तिच्याजवळ आला. “ताई...”

“ताई म्हणू नका.”

“मला माफ...”

“खरं बोललात, ते पोचलं. माफीचं मला विचारू नका.” तो जिना उतरून रस्त्यावर दिसेनासा होईपर्यंत ती पाठमोऱ्या त्याच्याकडे बघत राहिली. हा आता मालकाच्या माणसांना तर भेटणार नाही ना, हा विचार तेव्हाही तिच्या डोक्यात होताच.

निकाल लागला तेव्हा वकीलबाईंनी आधी रक्कम वाचायला घेतली. “ते नंतर,” बाई म्हणाली. “टॅक्सीचं काय लिहिलंय?” टॅक्सी उभी होती, प्रवासी उतरत असताना ड्रायव्हरने मागे न पाहता ती सोडली, उतरणाऱ्याची चूक नव्हती, असं लिहिलं होतं. तिने ते दोनदा वाचायला लावलं. मग पैशांचं ऐकलं. तिचा वाटा, सासूचा वाटा, आणि मुलीचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत.

“कंपनी अपील करेल कदाचित,” वकीलबाई म्हणाल्या.

“करतीलच. मी त्यांना ओळखते.”

घरी सासू दारातच बसली होती. दिराने रक्कम आधीच फोनवर सांगितली होती, पण म्हातारीने तो विषय काढला नाही.

“त्याने आधी दार उघडलं नव्हतं?” तिने विचारलं.

“नाही.”

“कोर्टाने सांगितलं म्हणून?”

“कोर्टाने आज सांगितलं, आई. टॅक्सी तेव्हाच उभी होती.”

 सासूने आतल्या खोलीकडे तोंड करून नातीला हाक मारली. “ए, अभ्यास ठेव आणि बाहेर ये. तुझी आई काय सांगतेय ते ऐक.”