तळव्याला चिकटलेलं पान

देवराईतून बाहेर आलो, चपला घालायला वाकलो, तर तळव्याला एक पिवळं पान चिकटलेलं. गारंबीच्या वेलीचं.

आम्ही चारपाच जण दर रविवारी इथं राई राखायला येतो. चपला बाहेर काढायच्या, आतली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, हे धाकूबाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. राईची राखण त्यांच्या घराण्याकडे आहे.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही झाडांना गुदमरवणाऱ्या परक्या वेली तोडत होतो. त्या भरात मी मांडीएवढी जाड गारंबीही तोडली, तीही परकीच समजून. वर घामही अभिमानानं पुसला. तिच्यावर धाकूबाबांचे आजोबा लहानपणी झोके घेत. बाबा आले, तुटल्या जागी हात ठेवून उभे राहिले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वर बघत म्हणाले, "वर अजून हिरवीच हाय. तिला ठावं न्हाई अजून."

प्रेमानं केलेल्या चुकीची माफी तरी कुणाकडे मागायची? दर रविवारी मी आधी वर बघायचो, हिरवीच दिसायची. आज तिला कळलं होतं.

चपला तशाच ठेवल्या. परत आत गेलो आणि ते पान तिच्या बुंध्याशी ठेवून आलो.