सुंठीची पारख

तोफखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांना कमी ऐकू यायचं. खरवडून पत्र्यावर वाळत घातलेल्या आल्याचा एक तुकडा ते रोज माझ्या कानाशी धरून मोडत.

"वाजला का, मास्तर?"

कट्कन वाजला, तरच सुंठ कुटून वस्त्रगाळ करायची. नाहीतर भुकटीला बुरशी.

"आवं, ओल्या आल्यात लय पाणी! ते गेलं की उरती ती ताकद!" हे सगळ्या आळीला ऐकू जाई.

एकदा शाळेला उशीर होत होता. तुकडा कानाशी येताच मी म्हणालो, "वाजला!"

ते खो खो हसले. तुकडा नुसताच वाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या बोळानं सटकलो, तर तुकडा घेऊन तिथंच उभे.

"मास्तर, आज कान आनलाय न्हवं?"