घरचा दात

शेजारच्या वाडीचे मालक सुपारी दातांनीच फोडून पारखायचे. "अडकित्त्याला काय चव कळते?" म्हणायचे. एकदा सुपारीऐवजी पुढचा दातच फुटला.

म्हसळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी सगळे दात साफ करू, मग रंग जुळवून तुटक्या दातावर लेप चढवू." गावात कुणाला कळता कामा नये म्हणून मालक अडून बसले. "साफबिफ काही नको. आहे त्या रंगाचाच चढवा." पानाने रंगलेल्या ओळीत तो तपकिरी दात असा बेमालूम बसला, की सोबत गेलेल्या मलाही ओळखू येईना.

पण बाईंनी बजावलं होतं, "आता कडक काही फोडायचं नाही, पान बंद." त्या धास्तीने त्यांनी खरंच पान सोडलं आणि पुढे हौसेने सगळे दात साफ करून आले. बाकीचे पांढरेशुभ्र झाले. लेपाचा रंग काही हटेना.

परवा ओटीवर एका पाहुण्याने विचारलं, "दात नवे बसवलेत वाटतं?"

त्यांनी आधी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग त्या तपकिरी दातावर बोट ठेवून म्हणाले, "सगळे कुठले? हा बघा, हा अजून घरचा आहे!"