ताईने हात केला होता

त्याला सगळे बारक्या म्हणायचे. वय पंचावन्न, वजन नव्वदच्या पुढे, गाडीत चढताना पायरी कुरकुरायची, तरी आपला बारक्याच. नाव ठेवलं थोरल्या बहिणीने. आई गेली तेव्हा हा दोन वर्षांचा आणि ताई तेरा वर्षांची. तिने त्याला कडेवर घेतलं आणि शाळा सोडली, ती कायमचीच. पुढे हा ड्रायव्हर झाल्यावर एकदा ती त्याचा विसरलेला डबा द्यायला डेअरीच्या आवारात आली आणि सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत ओरडली, “ए बारक्या!” झालं. त्या दिवसापासून मालकसुद्धा बारक्याच म्हणायला लागला.

डेअरीची थंड गाडी होती त्याच्याकडे. उजाडता उजाडता दूध-लोणी भरायचं, नव्वद किलोमीटरवरच्या शहरातल्या दुकानांना पोचवायचं आणि परत यायचं. वाटेत अर्ध्यावर ताईचं घर, रस्त्याला लागूनच. दोन खोल्या आणि पत्र्याचं फाटक. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नऊच्या सुमाराला हा गाडी बाजूला घ्यायचा आणि दहा मिनिटं बसायचा. ती चहा पुढे करून म्हणायची, “पोट बघ जरा स्वतःचं.” हा म्हणायचा, “भरवलं कुणी?” एवढंच बोलणं, रोज तेच. पण त्या दहा मिनिटांवर दोघांचा दिवस निघायचा.

मग गाड्यांमध्ये ती पेटी आली. काळी, साबणाच्या वडीएवढी, स्टिअरिंगच्या वर चिकटवलेली. गाडी कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, मागचं दार कधी उघडलं, आत किती थंड आहे, सगळं ऑफिसातल्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसणार. वर तिला बाईचा आवाज. ड्रायव्हर मंडळींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव सासू ठेवलं. जांभई दिली तरी सासू बोलायची, मोबाइल हातात घेतला तरी बोलायची. म्हणून मोबाइल बंद करून पिशवीत ठेवायचा, असा नियमच झाला. एक जण म्हणाला, “घरची सासू निदान दुपारी झोपते तरी!” हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. कामाला मात्र पेटी चोख, हे कबूल करायलाच पाहिजे. एक थेंब दूध नासेना.

दुसऱ्याच दिवशी बारक्या नेहमीसारखा ताईकडे थांबला. पाच मिनिटं झाली आणि गाडीतून आवाज आला, “वाहन अनियोजित ठिकाणी थांबले आहे. कारण सांगा.” कुणाला सांगणार कारण? पेटीला? तो चहा अर्धा टाकून धावला. संध्याकाळी मॅनेजरने चारचौघांत विचारलं, “काय बारक्या, कंपनीची गाडी बहिणीच्या दारात बांधतोस काय?” मॅनेजर वयाने याच्या पोराएवढा. बारक्याच्या ते मनाला फार लागलं. त्यात त्याच महिन्यात एका ड्रायव्हरला घरी बसवलं. तो डिझेल चोरायचा म्हणून गेला, पण आवारात आवई उठली की थांबला म्हणून गेला. बारक्या आधीच नाकासमोर चालणारा माणूस. त्याने कानाला खडा लावला.

सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याने ताईला सांगितलं, “आता मला थांबता यायचं नाही. मी गाडी हळू करून दोनदा हॉर्न देईन. तू फाटकाशी ये आणि हात कर. म्हणजे मला कळेल, तू बरी आहेस.”

ताई म्हणाली, “एका पेटीला एवढा घाबरतोस? लहानपणी कुत्र्याला घाबरायचास तसाच आहेस अजून.” पण दुसऱ्या दिवशी नवाच्या आधीच फाटकाशी येऊन उभी राहिली. दोन हॉर्न, एक हात. दोन वर्षं हे असं चाललं. ऊन म्हणू नका, थंडी म्हणू नका. दर महिन्याला ऑफिसात चांगल्या ड्रायव्हरांची यादी लागायची आणि तीत बारक्या पहिला. त्याला बरं वाटायचं. का वाटू नये? जन्मात कधी पहिला आला नव्हता.

त्या मंगळवारी ताई फाटकाशी नव्हती. चार पावलं पुढे, पार रस्त्याच्या कडेला आली होती. उजवा हात वर केलेला, डाव्या हाताने छातीशी शाल धरलेली. बारक्याने गाडी हळू केली. मनात म्हणाला, आज एवढी पुढे कशाला आली ही, धूळ खाईल नाहक. दोनदा हॉर्न दिला, हसला आणि पुढे निघून गेला. आरशात ती हात तसाच वर धरून उभी दिसली. त्याला वाटलं, आज प्रेमाला भरतं आलंय म्हातारीच्या.

दुपारी शहरात गाडी रिकामी करून त्याने मोबाइल चालू केला. बायकोचे अकरा फोन येऊन गेले होते.

ताईच्या शेजारी शिवणकाम करणारी बाई राहायची. हा ताईच्या घरी पोचला तेव्हा तिने रडत रडत सगळं सांगितलं. सकाळी आठपासून ताईच्या छातीत दुखत होतं. शेजारीण म्हणाली, कुणाची तरी गाडी बघते. ताई म्हणाली, “कशाला लोकांना त्रास? माझा भाऊ येईल नऊला, त्याच्या गाडीतून जाते. दवाखाना त्याच्या वाटेवरच आहे.” शेजारीण म्हणाली, तो थांबत नाही ना आता? तर ताई म्हणाली, “मी हात केल्यावर थांबेल की.” गाडी पुढे गेली तशी ती तिथेच मातीत बसली. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच ताई गेली. आणि बारक्या? तो त्या दवाखान्याच्या दारावरून साडेनवाला गेला होता. रिकामी सीट शेजारी घेऊन.

बस थांबवायची तरी आपण हात करतो, आणि निघालेल्या माणसाला निरोप द्यायचा तरी हातच करतो. तिने आयुष्यभर एस्ट्या, टेम्पो, बैलगाड्या हात करून थांबवल्या होत्या. हात केल्यावर गाडी थांबते हे तिला पक्कं ठाऊक होतं. हात केला की सगळं ठीक, हे त्याने शिकवलेलं. कसं कळावं कुणाला? पण हे तुम्ही-आम्ही म्हणायचं. बारक्याला कोण समजावणार? त्याचं जेवण तुटलं. बायको म्हणायची, तुमचा काय दोष यात? तो म्हणायचा, “ती चार पावलं पुढे आली होती गं. मी बघितलं होतं.”

पंधरा दिवसांनी तो कामावर गेला, तो गाडीकडे न जाता सरळ पडद्याच्या खोलीत. तिथे एक मुलगी बसायची, दिवसभर सगळ्या गाड्या बघत. तो म्हणाला, “त्या मंगळवारचं जरा दाखव.”

तिला वाटलं, काकांवर कुणी आळ घेतलाय. तिने पटापट बटणं दाबली. “हे बघा, नऊ वाजून बारा मिनिटं. वेग चौदा. थांबला नव्हतात तुम्ही. तुमचं रेकॉर्ड एकदम स्वच्छ आहे.”

चौदा. चालत्या सायकलीएवढा वेग. बारक्या त्या आकड्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, “आणि थांबलो असतो तर? काय झालं असतं?”

“काही नाही. लाल खूण पडली असती.”

“मग काढलं असतं कामावरून?”

“छे हो!” ती हसली. “महिन्याला पाच खुणा माफच असतात. कुणाचं पोट बिघडतं, कुणाचं टायर बसतं, माणसं थांबणारच की. पहिल्यापासून तसंच आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“नाही.”

“बाकीचे तर पाचच्या पाच वापरतात. तुमची बघा ना काका, दोन वर्षांत एकही नाही!” तिने कौतुकाने पडदा त्याच्याकडे वळवला.

“मला एकच पुरली असती गं,” बारक्या म्हणाला, आणि त्या परक्या पोरीच्या टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला.