आईच्या निरोपाखालचा अंगठा

शिरवळच्या कंपनीत मी पाळीपुरता असतो, उरलेला वेळ भावकीचा. भावकीचा ग्रुप, गावाचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप. पूर्वी लग्नात टोपी-टॉवेलाचा मान चुकला की माणसं रुसायची, आता वाढदिवसाच्या शुभेच्छा राहिल्या की रुसतात. थोरल्या चुलत्यांच्या राहिल्या, तर ते यात्रेला आमच्या घरी जेवायला आले नाहीत. "लय मोठा झालास गड्या," एवढंच म्हणाले. मी धसकाच घेतला. डबा खाताना, बसमध्ये, संडासातसुद्धा उत्तरं देत बसायचो. तरी संपेनात. शेवटी वाचणंच सोडलं. निरोप आला की दाब अंगठा.

आई कवठे महांकाळजवळच्या गावात एकटी राहते. तिला लिहिता येत नाही, ती बोलून पाठवते. शेळी व्याली, शेजारणी भांडल्या, असं तीन-तीन मिनिटं. ऐकायला वेळ कुठला? तिलाही अंगठाच. एवढ्यावर तिचं समाधान होतंय, असं मी मानून चाललो होतो.

परवा दुपारी पाळीवर असताना शेजारच्या काकीचा फोन आला. "अरं, कुठवर आलायस? आई सकाळपासनं फाट्यावर बसलीया तुझी वाट बघत."

मला काही कळेना. चार दिवसांपूर्वीचा तिचा निरोप कानाला लावला. "बेस्तरवारी डोळ्याच्या दवाखान्याची गाडी येणार हाय. संगं घरचं माणूस पायजे म्हणत्यात. येशील न्हवं? न्हाई जमलं तर सांग, काकी येते म्हणतीया." खाली माझा अंगठा. त्या अंगठ्याच्या भरवशावर तिनं काकीला शेतात भांगलायला पाठवून दिलं होतं. गाडी तिला न घेताच गेली.

मी रजा टाकून तसाच निघालो. सातारा, कराड मागं पडत होतं आणि मी एकेक जुना निरोप ऐकत होतो. "दिव्याभोवती रंग दिसत्यात रं." अंगठा. "कपाळ लय ठणकतंय." अंगठा. "भाकरी तव्यावर टाकताना हात चुकतोय." अंगठा. पहिला निरोप तीन महिन्यांपूर्वीचा होता. मला बसमध्ये रडू आवरेना.

काल सांगलीत डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. डावा डोळा गेला, तो आता परत येत नाही. उजव्याचं बघू म्हणाले. "त्रास कधीपासून होता?" त्यांनी विचारलं. आईच म्हणाली, "ह्यो कामात असतोय, म्या सांगितलंच न्हाई."

बाहेर बाकावर तिचा हात धरून बसलो. खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला.

"कुणाचा रं?"

"भावकीचा. कुणाचातरी वाढदिवस असंल."

"मग दे की उत्तर," आई म्हणाली. "मान्सं राग धरत्यात. मी काय, बसलीया हितंच."