पानमळ्यातली पावलं

आमच्या पानमळ्यात चप्पल घालून कुणी जात नाही. मिरजेच्या पूर्वेला, आमच्या गावाकडं, मळ्याला देवघराचा मान. आंघोळ करून जायचं, आत थुंकायचं नाही, आणि बाईला अडचण असेल त्या दिवसांत तिनं दाराशीही फिरकायचं नाही. ह्या शेवटच्या नियमावरून कॉलेजात असताना मी आईशी इतकी भांडले, की दोन दिवस जेवले नव्हते. आता मी कराडला एका प्रयोगशाळेत पिकांचे रोग तपासते. घरातली शहाणी मी, हे सगळ्यांनी, म्हणजे मुख्यतः मीच, ठरवून टाकलेलं होतं.

त्या भाद्रपदात गावाकडं येताना वाटेत एका शेतकऱ्याच्या पानमळ्यात थांबले. त्याच्या वेलींना मर लागली होती. ह्या रोगात वेल मुळाशी काळी पडून कुजते आणि वरची पानं माना टाकतात. रिवाजाप्रमाणं चप्पल बाहेर काढली, चिखलात बसून मुळं उकरली, तपासायला पिशवीत भरली. अर्ध्या तासानं आमच्या मळ्यावर पोचले, दारात पुन्हा चप्पल काढली आणि अनवाणी आत गेले. पाय धुवायचं मनातही आलं नाही. अनवाणी पाय म्हणजे स्वच्छ पाय, हे आम्हा मळेवाल्यांच्या हाडात भिनलेलं आहे.

आत भर दुपारीही हिरवा अंधार असतो. शेवग्यावर चढलेल्या वेली डोक्यावर एकमेकींत मिसळतात, आणि बाहेर वारं सुटलं तरी आत पान हलत नाही. लहानपणी मला वाटायचं, तिथं कुणीतरी श्वास धरून उभं आहे. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं. मी वाटेनं शेवटपर्यंत गेले, फोटो काढायला थोडी थांबले आणि पलीकडच्या अंगानं बाहेर पडले.

तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. "येल मराय लागल्यात गं. तुझ्या वहिनीनं मळा बाटवला."

भाऊ फौजेत, त्यामुळं वहिनी आई-आबांजवळ असते. मी येऊन गेले त्याच आठवड्यात पाऊस आला म्हणून आबांना छत्री द्यायला ती मळ्यात चार पावलं गेली होती. आईनं कॅलेंडरवर दिवस मोजले आणि ती अडचणीत होती असं ठरवलं. वहिनी शपथेवर नाही म्हणाली. कुणी ऐकलं नाही. पानं मोजून त्यांच्या कवळ्या बांधण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं, तर तिला पानाला हात लावायचीच बंदी झाली.

मी तावातावानं आले. आईला चार शब्द सुनवायचे, वहिनीला सोडवायचं, असा सगळा बेत. आधी मळा बघून घ्यावा म्हणून पाय खसखसून धुऊन आत शिरले.

डाव्या हाताची एक वेल मेली होती. मग दोन जिवंत. मग उजव्या हाताची एक मेलेली. पुन्हा डावी, पुन्हा उजवी. मी चालत राहिले आणि माझं पाऊल आपोआप प्रत्येक मेलेल्या वेलीपाशीच पडत गेलं. शेवटी, फोटो काढायला थांबले होते तिथं, तीन वेली एकदम गेल्या होत्या. मी खाली माझ्याच पावलांकडं बघितलं. पावलाच्या खळग्यात पाणी साचलं की त्या रोगाचे बीजाणू मुळाच्या मागावर पोहत जातात, हे मीच शेतकऱ्यांना शिकवते.

संध्याकाळी मी एवढंच म्हणाले, "विटाळ वगैरे काही नसतं. ही बुरशी आहे."

"बरं, बुरशी," आई म्हणाली. "पण आली ती कुणाच्या तरी पायानंच की न्हाई?"

सगळ्यांनी वहिनीच्या पायांकडं बघितलं. तिनं ते लुगड्याखाली ओढून घेतले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं, आणि चोर तिथंच बसून चहा पीत होता. मला स्वतःची किळस आली, तरी तोंड उघडलं नाही.

मळ्यातल्या एका वाचलेल्या वेलीचं पान मी कराडला नेलं होतं. त्याच्यावरचा ह्याच रोगाचा डाग वाटाण्याएवढा होऊन थांबला होता. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर डागाच्या कडेनं मेलेल्या पेशींचं तपकिरी कडं होतं. त्यातल्या कितीतरी पेशींपर्यंत रोग पोचलाच नव्हता. वेलीनंच त्या मारल्या होत्या, म्हणजे रोगाला पुढं खायला जिवंत काही मिळू नये. अशी वेल बाकीच्या पानांनाही आतल्या आत सावध करते. हे मी हजारदा बघितलंय, पण त्या दिवशी दिवा बंद करून नुसती बसून राहिले.

पुढच्या रविवारी परत गेले. आबा मेलेल्या वेली मातीसकट उकरून काढत होते.

"आबा, हे मी आणलं. माझ्या पायानं."

त्यांनी मान वर केली नाही. "ठावं हाय."

"कवापासनं?"

"पयल्या दिसापासनं. मेलेल्या येली बघ की. माझीच ढांग हाय ती, तुझ्यात उतरलीया. तुझ्या वहिनीचं पाऊल केवढंसं!"

"मग आईला का नाही बोललात?"

खोरं थांबलं. "तू दोन दिसांची पावणी. तुला बोल लावला, तर पुन्हा येशील व्हय? ती कुठं जाती?"

मेलेल्या वेलीची मुळं त्यांनी टोपलीत टाकली आणि पुढच्या खड्ड्याकडं सरकले.

त्याच दुपारी मी आईला आणि वहिनीला समोर बसवून सगळं सांगितलं. आई वहिनीकडं वळली. मग म्हणाली, "उद्यापासनं कवळ्या तूच बांध गं बाई." वहिनी "व्हय" म्हणाली आणि भांडी घासायला गेली. मी माफी मागितली ती तिच्या पाठीला.

आता दारात बुरशी मारणाऱ्या मोरचुदाच्या निळ्या पाण्याचं घमेलं असतं. त्यात पाय बुडवल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, हा माझा नियम. मेलेल्यांच्या जागी लावलेल्या वेली कमरेएवढ्या आल्यात आणि बाकीच्या डोक्याच्या वर आहेत. त्यामुळं मी कुठं कुठं पाय ठेवला होता, ते दारातूनही दिसतं.

परवा वहिनीनं माझ्यासाठी घमेल्यातलं पाणी बदललं. मी पाय बुडवले आणि म्हणाले, "चला की आत. आता कोण काय म्हणतंय?"

"कुनी न्हाई म्हनत," ती म्हणाली. "पर नगं, वन्सं. उद्या आणिक एखादी येल मेली तर?"

मी आत गेले. मागं वळून बघितलं, तर तिची बोटं उंबऱ्याच्या बरोब्बर बाहेर होती.